पत्रकाची मागची बाजू

दर रविवारी सकाळी मी घरात सांगायचो, समितीच्या कामाला ठाण्याला जातोय. ते खोटं होतं. ठाण्यात समितीचं काडीचंही काम नव्हतं. समिती डोंबिवलीची, प्रश्न डोंबिवलीच्या पाण्याचा. ठाण्याला मी मनाच्या डॉक्टरकडे जात होतो.

हे वाक्य आज लिहितानाही हात थांबला आणि त्याची मला चीड आली. पोट बिघडलं तर माणूस ओट्यावर बसून चार शेजाऱ्यांना सांगतो, किती वेळा जाऊन आलो तेही सांगतो. मन बिघडलं की मात्र दार लावून घ्यायचं. का? कोणाच्या हुकमाने? तिथल्या वेड्यांच्या इस्पितळामुळे आमच्याकडे तर ठाण्याचं नाव शिवीसारखं घेतात. कोणी जरा वेगळं बोललं की ‘याला ठाण्याला पोचवा रे’. मीही म्हटलेलं आहे. भर सभेत, सरकारी कचेरीतल्या एका साहेबाबद्दल. टाळ्या पडल्या होत्या आणि मला बरं वाटलं होतं.

तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो आणि पाणी समितीचा चिटणीस होतो. चाळी भराभर उठत होत्या, गिरगाव-परळकडची बिऱ्हाडं येऊन राहत होती आणि पाण्याला मोजून दोन विहिरी. दोन्ही इथल्या जुन्या शेतकरी घराण्याच्या. त्यांची माणसं, त्यांची गुरं आटोपली की मग आमच्या बायकांनी घागर सोडायची, असा रिवाज. आमची मागणी होती नळाची, आणि नळ येईपर्यंत पहाटेपासून विहिरी सर्वांना खुल्या करा, ही. पत्रकं मी लिहायचो. ‘नागरिकहो!’ असं ठळक टायपात वर, मग आरोप, मग सवाल, मग क्रमवार मागण्या. विहिरीच्या मालकाला मी एका पत्रकात ‘पाण्याचा सावकार’ म्हटलं होतं. हे शब्द मला रस्त्याने चालताना सुचायचे आणि पाय आपोआप भरभर पडायचे.

पहाट मात्र वेगळी होती. साडेचारला डोळे उघडायचे आणि छातीवर कोणी पाटा ठेवल्यासारखं व्हायचं. हातपाय गार. काय झालं म्हणावं तर काही झालेलं नसायचं. भिंतीकडे तोंड करून पडून राहायचो. वहिनी चहा ठेवून हाक मारायची, ती ऐकू यायची, पण हाक आणि मी यांच्यात पाण्याने भरलेलं शेत असल्यासारखं वाटायचं, ते ओलांडायचं कोणी? मग आठवायचं, आज समितीची बैठक आहे, आज कचेरीत अर्ज द्यायचाय. तेवढ्या एका दोरीने मी स्वतःला वर ओढून काढायचो. म्हणून तर ती दोरी तुटण्याची इतकी भीती. समितीला कळलं की चिटणीस मनाच्या डॉक्टरकडे जातो, तर चिटणीसपण गेलं. आणि चिटणीसपण गेलं तर दुसऱ्या दिवशी उठायचं कशासाठी?

डॉक्टरांचं घर तलावपाळीच्या मागच्या गल्लीत होतं. पूर्वी इस्पितळात होते, आता घरीच चार-सहा माणसं बघायचे. साधा माणूस. कोपऱ्यात शिवणयंत्र, त्यावर त्यांच्या बायकोचं अर्धवट शिवलेलं पोलकं. पहिल्या दिवशी मी त्यांना पाऊण तास देशातल्या पाणीप्रश्नावर भाषण दिलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, “आणि झोप?”

मग म्हणाले, रोज दहा मिनिटं डोळे मिटून बसा.

“मी देवधर्म मानत नाही,” मी म्हणालो.

“देवाचं नाव कोण काढतंय? श्वास मोजा. दहापर्यंत गेलात की परत एकपासून.”

“आणि विचार आले तर?”

“येतीलच. त्यांना घालवायला मोर्चा काढू नका म्हणजे झालं.”

मी बसायचो. चारपर्यंत जायचो आणि पलीकडच्या खोलीतला माणूस खाकरायचा. रोज. ठरवल्यासारखा. सार्वजनिक चाळीत एवढ्या मोठ्याने खाकरण्याचा अधिकार याला कोणी दिला, असं डोक्यात सुरू व्हायचं, आणि दहा मिनिटांनी उठायचो तेव्हा त्या माणसाविरुद्ध एक अख्खं पत्रक तयार असायचं. डॉक्टरांना सांगितलं तर ते हसले. म्हणाले, “तुम्ही प्रत्येकाकडे मागण्या घेऊन जाता हो. खाकरणाऱ्याकडे, भावाकडे, माझ्याकडे. त्या मान्य होत नाहीत, मग तुम्ही खचता. कोणी आहे का असा, ज्याच्याकडे तुमची काहीच मागणी नाही?”

मला राग आला. मागणी केल्याशिवाय या देशात कोणाला काय मिळालंय? असं मी त्यांना ऐकवलं आणि गाडीत बसल्यावर आठवून पाहिलं. कोणी नव्हतं. भाऊ होता, त्याच्याकडे तर ढीगभर मागण्या होत्या. मुंबईला हापिसात कारकून, संध्याकाळी येतो, जेवतो, पेपर वाचतो, झोपतो. समितीच्या एका सभेला आला नाही. माझ्या चेहऱ्याकडे बघून कधी विचारलं नाही, काय रे, काय होतंय? त्याने विचारावं ही मागणी मी त्याच्यापुढे कधी मांडलीही नव्हती. मनातल्या मनात मात्र ती रोज फेटाळली जात होती.

पुढे डॉक्टर म्हणाले, पहाटे जे वाटतं ते लिहून आणा. खोडायचं नाही, सुधारायचं नाही. कोणाला तरी सांगतोय असं समजून लिहा.

“कोणाला?”

“ते तुम्ही ठरवा.”

आता इथे माझा स्वभाव आडवा आला म्हणा, की सवय. मला लिहिता येत होतं ते एकाच पद्धतीने आणि एकाच माणसाला. जुनी पत्रकं एका बाजूला छापलेली असायची, त्यांची मागची कोरी बाजू मी कच्चं लिहायला वापरायचो. छापखान्यात जाणारा मजकूरही त्यावरच. तसलाच एक कागद घेतला आणि पहिला शब्द लिहून झाल्यावर लक्षात आलं, काय लिहिलंय: ‘नागरिकहो!’ खोडायचं नाही असं सांगितलेलं, म्हणून तसंच पुढे लिहीत गेलो आणि कागद उशाखाली सरकवला.

सभा ठरली होती, देवळासमोरच्या पटांगणात. पत्रक लांबलेलं, दोन कागद झाले. पहिल्यावर आरोप आणि मागण्या, दुसऱ्यावर सभेचा दिवस, वेळ, जागा. छापखाना कल्याणला. एरवी मजकूर मी स्वतः न्यायचो आणि प्रूफ बघितल्याशिवाय हलायचो नाही. त्या दिवशी उठताच येईना. आमच्या तळमजल्यावरचे काका समितीत होते आणि कल्याणच्या यार्डात कामाला जायचे. ते डबा घेऊन दारात उभे.

“अरे झोपलायस काय? मजकूर दे. गाडी चुकेल माझी.”

मी पडल्या पडल्या उशाखालून कागद काढून दिले.

“दोन्ही बाजूंनी छापायला सांगा. प्रूफ नको.”

“प्रूफ नको? तुला? तब्येत बरी आहे ना?”

“बरी आहे, काका. जा तुम्ही.”

शनिवारी काका गठ्ठा घेऊन आले आणि थेट बालवाडीच्या बाईंकडे देऊन मोकळे झाले. या बाई समितीतल्या आमच्या सर्वांत कामसू. रविवारी सकाळी त्यांनी चार बायका घेऊन दोन्ही विहिरींवर आणि स्टेशनाबाहेर पत्रकं वाटली. मी तेव्हा ठाण्यात डॉक्टरांसमोर खिसे चाचपत होतो आणि लिहिलेला कागद सापडत नव्हता.

“राहू द्या, तोंडी सांगा,” डॉक्टर म्हणाले.

दुपारी डोंबिवलीला उतरलो. स्टेशनाबाहेर धुळीत आमचं पत्रक पडलेलं. उचललं, झटकलं. पुढची बाजू झकास छापली होती. उलटलं.

‘नागरिकहो! मला रोज पहाटे भीती वाटते. कशाची ते सांगता येत नाही. कचेरीची भीती नाही, पोलिसांची भीती नाही. भीती ही, की मी उठलो नाही तर कोणाला फरक पडणार नाही, आणि उठलो तर सर्वांना दिसेल की मी आतून रिकामा आहे. आमची मागणी एवढीच, की कोणी तरी जवळ बसावं आणि काही विचारू नये.’

खाली, छापखान्यातला कंपोझिटर सवयीने आपणहून जुळवायचा ती ओळ: ‘आपला, चिटणीस, पाणी समिती.’

उन्हात उभा होतो आणि दात वाजत होते. चिटणीस कोण, हे डोंबिवलीत कोणाला सांगायला नको होतं. भरीला भर, सभा कुठे, कधी, याचा पत्रकात पत्ताच नव्हता. तो कागद घरी उशाखाली होता.

स्टेशनापासून चाळीपर्यंतची वाट विहिरीवरून जायची. दुसरी वाट शोधली असती तर मिळाली असती, पण पाय नेहमीच्या वाटेनेच गेले. विहिरीच्या कठड्याला मालकाची म्हातारी आई बसली होती. मी मान खाली घालून पुढे जात होतो.

“ए पोऱ्या. तूच ना तो? सुनेनी वाचून दावला मना.”

मी थांबलो. घागर ओढणाऱ्या दोघी बायकाही थांबल्या.

“माजा धनी पन असाच होता. सकाल झाली का मिठागराच्या बांदावर जाऊन बसायचा. बोलायचा नाय, चालायचा नाय. लोका बोलायची, भूत लागला. मी जाऊन बाजूला बसायची. दुसरा काय करनार?”

“बरं,” असं काहीतरी म्हणालो.

“बरा काय? माज्या पोराला सावकार बोल्लास तू. ता मी इसरले नाय हां. जा आता घरी, उनात काय उभा रायलास?”

घरी भाऊ पेपर वाचत होता. पत्रक पेपराखाली दिसत होतं. त्याने वर पाहिलं नाही. मी जेवायला बसलो आणि दोन घासांवर उठलो.

संध्याकाळी मास्तरांच्या पडवीत बैठक. मास्तर म्हणजे आमचे अध्यक्ष, निवृत्त हेडमास्तर. अर्जात ‘मागणी’ऐवजी ‘नम्र विनंती’ लिहिणारा माणूस. मी त्यांना तोंडावर भित्रे म्हटलं होतं, एकदा नव्हे, तीनदा. बैठकीला ते, काका, बालवाडीच्या बाई आणि मी.

मास्तरांनी चष्मा पुसला. “नवीन पत्रक काढावं लागेल. सभेची जागा त्यात येईलच. त्यातच दोन ओळींचा खुलासा टाकू, की मागील बाजूचा मजकूर हा विरोधकांचा खोडसाळपणा आहे.”

“विरोधक म्हणजे विहिरीवाले?” बाई म्हणाल्या. “ते कधी छापखान्यात गेलेत?”

“मग छापखान्याची चूक म्हणा,” काका म्हणाले. “चूक त्याचीच ना. वाचायला नको, काय छापतोय ते? दुसऱ्या कोणाचा कागद आमच्यात घुसवला म्हणायचं. मिटलं.”

“म्हणजे हे मी लिहिलंच नाही, असं?” मी विचारलं.

मास्तर माझ्याकडे वळले. “लिहिलंत?”

“हो.”

“डॉक्टरकडे जाता?”

“हो. ठाण्याला. दर रविवारी.”

काका तोंडातली सुपारी चावायचे थांबले. बाईंनी पदर सारखा केला. मास्तर अगदी हळू म्हणाले, “हे पाहा, मला तुमच्याबद्दल काही म्हणायचं नाही. माणसाला काहीही होऊ शकतं. पण उद्या कचेरीत मी अर्ज घेऊन गेलो आणि साहेब म्हणाला, तुमचा चिटणीस तर ठाण्याला जातो, तर पाण्याचं काय करायचं? खुलासा छापला तर तुम्ही चिटणीस राहा, माझी हरकत नाही. खरं छापायचं असेल तर मग ते पद सोडून छापा.”

मी उभा राहिलो. तोंडात शब्द तयार होते, भित्रा, ढोंगी, साहेबाचा बंदा. एकही बाहेर पडला नाही, कारण बोललो असतो तर रडलो असतो. बसलो परत. म्हणालो, “उद्या मजकूर मीच कल्याणला घेऊन जातो.”

त्या रात्रीचं सांगत नाही. सोमवारी छापखान्यात शिरलो तेव्हा ठरवलं होतं, छापखान्याची चूक लिहायची. खोटं तेही, पण त्यातल्या त्यात कमी खोटं. शिवाय कंपोझिटरला दोन शब्द सुनावायचे होतेच. घाटावरचा पन्नाशीचा माणूस, शिशाच्या अक्षरखिळ्यांच्या केसपुढे, म्हणजे कप्प्यांच्या पेटीपुढे उभा, बोटं काळी.

“तुम्ही वाचत नाही का हो काय जुळवताय ते?”

“आम्ही अक्षर वाचतो, साहेब. अर्थ वाचत बसलो तर दिवसाला एक फर्मा निघायचा नाही. तुमचंच अक्षर. वर तुमचंच ‘नागरिकहो’. शेवटी मागणी. मला वाटलं, नवीन लढा निघाला.”

मी बाकावर बसलो. त्याचे हात थांबले नाहीत. जरा वेळाने म्हणाला, “एक मात्र झालं. ‘भ’ संपले. इतक्या वेळा भीती लिहिलेली. मोठ्या केसमधून आणून लावले. तेव्हा म्हटलं, हे जरा निराळं दिसतंय. पण तुम्ही प्रूफ नको म्हणालेले.”

“मालक काही बोलले?”

“बोलले. समितीने छापखान्याचं नाव घेतलं तर दुसरीकडे बघ म्हणाले.”

एवढंच. हात जोडले नाहीत, पोराबाळांची गोष्ट काढली नाही. खिळे उचलून पट्टीत बसवत राहिला, टक टक टक.

कामगारांच्या बाजूने मी किती पत्रकं लिहिली होती! तीही बहुतेक याच माणसाने जुळवलेली. आणि आता माझं चिटणीसपण वाचवायला मी याची भाकरी काढून घेणार होतो, दोन ओळींत, ठळक टायपात. माझाच मला संताप आला, पण संतापाने भीती हटली नाही. पद गेलं तर उद्या पहाटे काय, हा प्रश्न जसाच्या तसा होता. डोळे मिटले. एक, दोन, तीन. छपाईच्या ट्रेडल मशीनचा खडखडाट, कोणी तरी बाहेर भांडत होतं. चार. परत एक. दहापर्यंत एकदाही पोचलो नाही. पाच-सहा वेळा परत एकपासून सुरुवात केली आणि मग कागद घेऊन लिहिलं:

‘मागील पत्रकाच्या मागच्या बाजूचा मजकूर समितीच्या तत्कालीन चिटणिसांचा खासगी होता. तो त्यांनी स्वतः लिहिला व चुकून स्वतःच पाठवला. छापखान्याची त्यात चूक नाही.’

कंपोझिटरने कागद जवळ धरला. या वेळी वाचला असावा. “तत्कालीन म्हणजे? सोडलंत?”

“सोडलं.”

“हं,” तो म्हणाला आणि केसकडे वळला. आभार मानले नाहीत. मी अपेक्षा करत होतो. हे कबूल केलेलं बरं.

घरी आलो तर भाऊ पहिल्यांदा त्या विषयावर बोलला. शर्ट खुंटीला लावता लावता.

“हापिसात कोणी तरी नेलं ते पत्रक. मला विचारलं, तुमचा भाऊ का?”

“मग?”

“हो म्हणालो. दुसरं काय म्हणणार? पण मला हे आवडलेलं नाही. घरातलं असं रस्त्यावर. सांगून ठेवतो.”

मी वाट बघत होतो, आता तरी विचारेल. त्याने विचारलं नाही. त्याला आवडायलाच हवं, त्याने विचारायलाच हवं, असा ठराव मी त्या आठवड्यात मनात कितीदा तरी मांडला आणि जमेल तेव्हा मागे घेतला. काही वेळा जमलं नाही. वहिनीवर ओरडलो. ती म्हणाली, “भाऊजी, आमच्यावर कशाला? आम्ही तर पत्रक वाचून रडलेलो,” आणि आमटीला फोडणी द्यायला गेली.

रविवारी सकाळी डॉक्टरांना सगळं सांगितलं. माझी पाठ थोपटतील अशी मनात आशा होती. त्यांनी विचारलं, “भीती गेली?”

“नाही. वाढली.”

“बरं. मग बसू या थोडं,” ते म्हणाले, आणि आम्ही दोघं डोळे मिटून बसलो. शिवणयंत्रावर या खेपेला परकर होता.

सभा त्याच दिवशी पाचला. जाऊ नये असं हजारदा वाटलं. गेलो आणि मागे, देवळाच्या भिंतीला टेकून उभा राहिलो. लोक वळून बघत होते. एकजण दुसऱ्याच्या कानात काहीतरी बोलला आणि दोघं हसले. कदाचित माझ्यावर, कदाचित नाही. विहिरीचा मालकही आला होता, हाताची घडी घालून.

बोलायला मास्तर उभे राहिले. काय भाषण ते! प्रत्येक वाक्यात नम्र विनंती. आवाज तिसऱ्या रांगेपर्यंत पोचेना. मी असतो तर पहिल्या मिनिटाला पटांगण पेटवलं असतं. हात शिवशिवत होते, जीभ शिवशिवत होती. हा माणूस असाच बोलणार, मी स्वतःला सांगितलं. असाच बोलेल, आणि पाणी मागतोय तो. लोक ऐकत होते. विहिरीचा मालकही. ‘सावकार’ म्हटलं असतं तर तो केव्हाच निघून गेला असता, हे मला तिथे उभं राहून दिसलं आणि आवडलं नाही.

मग मास्तर अडले. कचेरीने नळाचा अर्ज कोणत्या कारणाने परत केला, ते त्यांना आठवेना. कागद चाळले. चष्मा काढला, घातला. पटांगणात कुजबुज सुरू झाली. मग त्यांनी डोकं वर केलं आणि गर्दीवरून थेट माझ्याकडे पाहिलं.

सगळ्यांनी वळून पाहिलं. त्या क्षणी मला तिथून पळून जायचं होतं, यात मी काही लपवत नाही.

“नकाशा जोडला नाही म्हणून,” मी म्हणालो. आवाज चिरका निघाला, बाईच्या आवाजासारखा. पुढे कोणी तरी फिसकन हसलं.

“जरा मोठ्याने,” मास्तर म्हणाले.

“नकाशा जोडला नाही म्हणून!” मी ओरडलो.

“नकाशा जोडला नाही म्हणून,” मास्तरांनी लोकांना सांगितलं आणि नम्र विनंती पुढे सुरू केली. माझ्या तळहाताला घाम फुटला होता. तो धोतराला पुसला आणि भाषण संपेपर्यंत तिथेच उभा राहिलो.